वाढत्या दाबाला वेसण, कॉम्प्रेसरला अभय

कोल्हापूर - धारा काढल्यानंतर गावच्या संस्थेत पोचणारे म्हशीचे दूध ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते तीन-साडेतीन तासांत ४ अंशांपर्यंत उतरले नाही, तर जिवाणूंची वाढ झपाट्याने होते आणि दूध 'वासाचे' ठरण्याची भीती असते. ते नुकसान अखेर उत्पादकाच्याच पदरी पडते. १९६३ मध्ये स्थापन झालेला 'गोकुळ' अर्थात कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ असो वा वारणानगरचा वारणा दूध संघ, जिल्ह्याचे दुधाचे अर्थकारण सकाळ-संध्याकाळच्या या थंडाव्यावर उभे आहे. हा थंडावा देणाऱ्या बल्क कूलरचे हृदय म्हणजे कॉम्प्रेसर. त्याच्यावर अवाजवी ताण येऊ नये, यासाठी मुठीत मावेल एवढा एक व्हॉल्व्ह वापरला जातो. दाब मर्यादित ठेवणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह हे त्याचे नाव.

पहिली काही मिनिटे कसोटीची

एक हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणताना सुमारे ३५ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर काढावी लागते. टाकीच्या तळाशी असलेल्या बाष्पीभवकात शीतकारक द्रव उकळतो, दुधातील उष्णता शोषून घेतो आणि त्याचा वायू होतो. हा वायू कॉम्प्रेसर ओढून घेतो. किती द्रव आत सोडायचा, हे एक्सपान्शन व्हॉल्व्ह ठरवतो.

अनेक यंत्रांत आजही असलेल्या आर-२२ या वायूचे उदाहरण घेऊ. बाष्पीभवक शून्य अंशावर असताना दाबमापकावर सुमारे ४ बार दाब दिसतो. मात्र वळवाच्या पावसात वीज गेली, यंत्र बंद पडले आणि आतील द्रव ३५ अंशांपर्यंत तापला, तर हाच दाब साडेबारा बारच्या घरात जातो. दाब जितका अधिक, तितका वायू दाट. प्रत्येक फेऱ्यात कॉम्प्रेसरला जास्त वजनाचा वायू ओढावा व दाबावा लागतो, आणि मोटार अधिक करंट घेऊ लागते. त्यातच ग्रामीण वाहिनीवर व्होल्टेज कमी असेल, तर ताण आणखी वाढतो. ओव्हरलोड रिले वारंवार पडतो आणि दुर्लक्ष झाल्यास वाइंडिंग जळते. बंदिस्त कॉम्प्रेसरमध्ये वाइंडिंग जळाले, की तयार होणारे आम्ल तेलात मिसळून संपूर्ण यंत्रणेत पसरते. तेव्हा केवळ कॉम्प्रेसर बदलून भागत नाही, सारी यंत्रणा स्वच्छ करावी लागते.

साध्या व्हॉल्व्हची अडचण

साध्या एक्सपान्शन व्हॉल्व्हमध्ये एक पातळ पडदा असतो. कॉम्प्रेसरकडे जाणाऱ्या नळीला बांधलेल्या बल्बमधील दाब त्यावर वरून येतो. खालून बाष्पीभवकाचा दाब आणि स्प्रिंगचा जोर त्याला विरोध करतात. नळी गरम झाली, की बल्बमधील दाब वाढतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. एरवी ही रचना चोख काम देते. परंतु कोमट दूध टाकीत असताना बल्बही कोमटच राहतो. व्हॉल्व्ह सताड उघडतो, बाष्पीभवकात भरपूर द्रव शिरतो आणि दाब उतरायला वेळ लागतो. कॉम्प्रेसरवर ताण येतो तो नेमका याच वेळी.

मोजक्या भरणाची किमया

दाब मर्यादित ठेवणाऱ्या व्हॉल्व्हच्या बल्बमध्ये द्रव मोजकाच भरलेला असतो. ठराविक तापमानाला त्याचा शेवटचा थेंबही वायूरूप होतो. बंद भांड्यात पाणी शिल्लक असेपर्यंत तापवल्यावर वाफेचा दाब भराभर चढतो, पाणी संपले की तो अगदी संथ गतीने वाढतो. बल्बमध्येही हेच घडते. बल्ब कितीही तापला, तरी पडद्यावरील दाब फारसा वाढत नाही. बाष्पीभवकाचा दाब या मर्यादेपेक्षा अधिक असेल, तर खालचा जोर सरस ठरून व्हॉल्व्ह मिटलेला राहतो. कॉम्प्रेसर आधी साठलेला वायू ओढतो आणि दाब मर्यादेखाली आला, की व्हॉल्व्ह नेहमीसारखा काम करू लागतो. या मर्यादेला तांत्रिक भाषेत 'एमओपी', म्हणजेच कमाल कार्यदाब म्हणतात. आर-२२ साठी १५ अंशांची मर्यादा असलेल्या व्हॉल्व्हमध्ये ती सुमारे ६.९ बार असते.

साहजिकच, सुरुवातीला थंडावा थोडा संथ वाटतो. तो दोष नव्हे, तर संरक्षणाची किंमत आहे. 'गार लवकर होत नाही' म्हणून त्याच मापाचा साधा व्हॉल्व्ह बसवला, तर यंत्र चालते, पण हे कवच नाहीसे होते. ते लक्षात येते एप्रिल-मेच्या उकाड्यात किंवा वीज परतल्यानंतर.

बसवताना घ्यायची काळजी

व्हॉल्व्हचा माथा बल्बपेक्षा गरम राहिला पाहिजे. माथा थंड पडला, तर मोजका भरणा तिकडे सरकतो आणि व्हॉल्व्ह अकारण मिटतो. बल्ब नळीला घट्ट बांधून त्यावर उष्णतारोधक वेष्टन असावे. स्प्रिंगचा स्क्रू विनाकारण फिरवू नये, कारण त्याने दाबाची मर्यादाही बदलते. व्हॉल्व्ह ज्या वायूसाठी बनवलेला असतो, त्यालाच तो चालतो. आर-२२ चा वापर टप्प्याटप्प्याने बंद होत असल्याने यंत्रात दुसरा वायू भरताना व्हॉल्व्हचा प्रकारही तपासणे अगत्याचे आहे. हा व्हॉल्व्ह असला, तरी ओव्हरलोड रिले काढून टाकणे योग्य नाही, कारण कमी व्होल्टेज किंवा एखादी फेज जाण्यापासून तो मोटारीला वाचवू शकत नाही. व्हॉल्व्ह बदलताना नव्या नगावरील 'एमओपी'ची नोंद जुन्याशी ताडून पाहिली, तर पुढचा मोठा खर्च टळू शकतो.