गळाला लागलेला मासा: ठेवावा की सोडावा?

कोकण किनारपट्टीवर भात, नारळ-सुपारी आणि आंब्याबरोबर खाडीत गरवणे हाही घरच्या जेवणाचा भाग आहे. अलीकडे कृषी पर्यटन केंद्रांवर पाहुण्यांना गळाने मासे पकडण्याचा अनुभव दिला जातो, त्यामुळे खडकावर आणि जेटीवर रॉड घेऊन उभे राहणाऱ्यांची संख्या वाढली आहे. गळाने एका वेळी एकच मासा येतो, म्हणून यात नुकसान काय, असे अनेकांना वाटते. जाळ्याच्या तुलनेत गळाचा फायदा मोठा आहे: मासा जिवंत हातात येतो आणि तो सोडण्याची संधी मिळते. मात्र कोणता मासा सोडायचा हे माहीत नसेल, तर ही संधी वाया जाते.

बियाण्यासाठी आपण शेतातील चांगली कणसे बाजूला काढतो. समुद्रात हे काम निसर्ग करतो. पण बियाण्याचा मासाच टोपलीत गेला तर पुढच्या हंगामात खाडी रिकामी राहते. रायगड जिल्ह्यातील खारजमिनीच्या शेतकऱ्यांचा या प्रश्नाशी थेट संबंध आहे. पेण, अलिबाग, उरण भागात भातखाचरांलगतच्या तळ्यांत जिताडा वाढवण्याची जुनी पद्धत आहे आणि त्यासाठी पिल्ले पावसाळ्यात खाडीतून मिळतात. खाडीत मोठ्या माद्या उरल्या नाहीत, तर तळ्यात सोडायला पिल्लेही मिळणार नाहीत.

केवळ लहान मासे सोडणे पुरेसे नाही

‘लहान सोडा, मोठे ठेवा’ हा नियम सर्वांना माहीत आहे. काही माशांसाठी तो बरोबर आहे, काहींसाठी अर्धवट. त्यासाठी माशांची वाढ समजून घ्या.

• जिताडा (चोणाक): हा मासा आयुष्याच्या सुरुवातीला नर असतो. साधारण तीन ते चार वर्षांचा झाल्यावर तो नर म्हणून प्रजननक्षम होतो. पुढे सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, लांबी ८५ ते १०० सेंमीच्या आसपास गेल्यावर त्याची मादी होते. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा जवळजवळ नक्कीच मादी असतो. पावसाळ्यात खाडीच्या मुखाशी अशी एक मादी लाखो अंडी सोडते. भरतीच्या पाण्याबरोबर पिल्ले खाडीत, कांदळवनात आणि खाजणात शिरतात. फोटोसाठी सर्वांत आवडता मासा हाच, आणि सोडण्यास सर्वांत योग्य मासाही हाच.

• रावस: हाही आधी नर आणि नंतर मादी होतो. सगळे मोठे रावस काढले, तर माद्याच कमी होतात.

• हेकरू (गोबरा): येथे क्रम उलटा आहे. आधी मादी, नंतर नर. खडकाळ जागेवरील मोठा हेकरू बहुधा नर असतो. तो एका जागी राहणारा मासा असल्याने काही दिवसांच्या गरवण्यात एखादा खडक रिकामा होऊ शकतो.

• तांबोशी (तांब): खाडीत आणि कांदळवनात मिळणारे बहुतेक तांबोशी अजून वयात आलेले नसतात. मोठे झाल्यावर ते खोल समुद्रातील खडकाळ भागात जातात आणि तेथेच प्रजनन करतात. त्यामुळे खाडीतील एक-दोन किलोचा तांबोशी ‘मोठा’ दिसला तरी बियाण्याच्या दृष्टीने तो कोवळाच असू शकतो.

• शिंगाळा: याची अंडी मोठी आणि संख्येने फार कमी असतात. नर ती तोंडात धरून सांभाळतो आणि त्या काळात सहसा खात नाही, म्हणून गळाला क्वचित लागतो. पाग टाकताना तोंडात अंडी असलेला शिंगाळा आला, तर लगेच पाण्यात सोडा.

• मुशी आणि पाकट: उशिरा वयात येतात आणि थोडीच पिल्ले देतात. एकदा संख्या घटली की भरून यायला बरीच वर्षे लागतात. शक्यतो सोडा.

• मुडदुशी, बांगडा, बोय: हे तुलनेने लवकर वाढतात आणि लवकर वयात येतात. घरच्या कालवणासाठी टोपली भरायची असेल, तर ती अशा माशांनी भरा.

कायद्याचे माप: ही किमान पायरी

राज्यात सागरी मासेमारीचे नियमन १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमानुसार होते. २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ प्रजातींसाठी किमान कायदेशीर आकारमान अधिसूचित केले. काही मापे अशी:

• पापलेट (सरंगा): १३५ मिमी
• बोंबील: १८० मिमी
• सुरमई: ३७० मिमी

यातील पापलेट आणि बोंबील प्रामुख्याने जाळ्यात येतात, गळाला क्वचितच. सुरमई मात्र गळालाही लागते. पूर्ण यादी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयातून घ्या आणि आपल्या भागात मिळणाऱ्या माशांची मापे वेगळी लिहून ठेवा.

हे माप म्हणजे त्याखाली जाऊ नये अशी रेषा आहे. त्या मापाचा प्रत्येक मासा एकदा तरी अंडी घालून झाला आहे, असा त्याचा अर्थ नाही. मोठ्या होणाऱ्या सुरमईच्या माद्या साधारण ७० सेंमीच्या आसपास वयात येतात. म्हणून कायद्यापेक्षा थोडे पुढे जाऊन स्वतःचे माप ठरवणे शहाणपणाचे आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात जिताड्यासाठी दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. ५८ सेंमीपेक्षा लहान आणि १२० सेंमीपेक्षा मोठा जिताडा ठेवता येत नाही. आपल्याकडे गावपातळीवर किंवा पर्यटन केंद्रावर असा नियम स्वेच्छेने पाळता येईल: ६० सेंमीखालचा आणि ८५ सेंमीवरचा जिताडा सोडायचा, मधला एखादाच ठेवायचा.

काही प्राण्यांच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच नाही. देवमुशी (व्हेल शार्क), करवतमासा, समुद्रघोडा आणि समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहेत. चुकून अडकल्यास जिवंत असो वा जखमी, ठेवू नका. कासव जखमी असेल तर वन विभागाला कळवा.

गाबोळीचे काय?

पावसाळ्याच्या तोंडावर गाबोळीने भरलेला मासा मिळाला की घरात आनंद होतो. पण आपण ताटात घेतो ती त्या माशाची पुढची पिढी असते. बोय किंवा मुडदुशीची थोडी गाबोळी खाल्ल्याने समुद्र रिकामा होणार नाही. जिताडा, रावस यांसारख्या माशांच्या मोठ्या, पोट फुगलेल्या माद्या मात्र जून ते ऑगस्टमध्ये सोडून द्या. पावसाळी बंदीच्या काळात यांत्रिकी नौका किनाऱ्याला असतात, तेव्हा खाडीमुखाशी गळ टाकणाऱ्यांनीही हा संयम पाळला, तर बंदीचा फायदा वाढतो.

ठरवण्याचा क्रम

मासा पाण्याबाहेर काढण्यापूर्वीच पुढील क्रमाने विचार करा:

१. संरक्षित प्रजाती आहे का? असल्यास तंगूस कापून लगेच सोडा.
२. कायद्याच्या मापाखाली आहे का? असल्यास सोडा.
३. कल्ल्यातून जोरात रक्त येते का? असा मासा सोडल्यावर बहुधा वाचत नाही. माप कायदेशीर असेल, तर तोच आजच्या जेवणासाठी ठेवा.
४. मोठी मादी किंवा अंड्यांवर आलेला मासा आहे का? सोडा.
५. आजच्या गरजेपुरते मासे झाले का? झाले असतील तर गळ गुंडाळा. ‘पकडून सोडत राहू’ असे म्हणत तासन्‌तास गरवले, तर सोडलेल्यांपैकी काही मासे नंतर मरतातच.

सोडलेला मासा जगण्यासाठी

• सर्कल हुक वापरा. टोक आत वळलेला हा गळ सहसा ओठाच्या कडेला अडकतो, पोटात जात नाही. झटका न देता तंगूस हळूहळू ताणा.
• गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. गळ लवकर निघतो. हातात घुसला तर तुमचाही त्रास वाचतो.
• तंगूस माशाच्या ताकदीला साजेसा जाड ठेवा. फार बारीक तंगुसावर मासा बराच वेळ झुंजतो आणि थकून मरतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायू कमी असल्याने हा धोका वाढतो.
• हात ओले करूनच मासा धरा. अंगावरचा बुळबुळीत थर त्याला संसर्गापासून वाचवतो. कोरडे फडके, तापलेला खडक आणि वाळू टाळा.
• कल्ल्यात बोटे घालू नका. मोठा मासा जबड्याला धरून उभा लटकवू नका. एक हात पोटाखाली द्या.
• गळ खोल गिळला असेल तर ओढून काढू नका. तोंडाजवळ तंगूस कापा.
• फोटो काढायचा असल्यास तयारी आधी करा. मासा बाहेर असताना स्वतःचा श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की त्यालाही पाण्यात जाऊ द्या.
• सोडताना तोंड प्रवाहाच्या दिशेला ठेवून आधार द्या. त्याने शेपटी मारली की हात काढा. उंच खडकावरून फेकू नका.

होडीतून खोल पाण्यात गरवताना हेकरू, तांबोशी झपाट्याने वर ओढले, तर आतील हवा फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येते. ते टोचू नका. वजन बांधून मासा पुन्हा खोलवर उतरवणे हा योग्य उपाय आहे. मुळात अशा जागी सोडण्याच्या भरवशावर गरवू नका. गरजेपुरते पकडून थांबा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गावातील बैठकीत लांब भाषणापेक्षा मोजपट्टी जास्त उपयोगी पडते. लाकडी फळीवर सेंटिमीटरच्या खुणा करून तिथल्या पाच-सहा माशांची मापे रंगवा आणि जेटीवर, पर्यटन केंद्रावर लावा. मासा मुस्काटाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सपाट ठेवून मोजावा, अंदाज करू नये. तळ्यात जिताडा वाढवणाऱ्यांना हॅचरीतील बीजाची माहिती द्या. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे. खाडीतील पिल्लांवरचा भार त्यामुळे कमी होतो.

एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, भरती-ओहोटी, जागा, मासा, लांबी, ठेवला की सोडला. दोन-तीन हंगामांच्या नोंदींतून आपल्या खाडीत मासे लहान होत चालले आहेत का, हे कोणीही न सांगता तुम्हालाच दिसेल. ते दिसल्यावर गावाचा नियम कडक करायचा की सैल, याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही.