देवघेव आणि स्नेह

देवघेव वाढली म्हणजे वैर ओसरतें, असें म्हणतात. अमेरिका व चीन यांचा व्यवहार पाहतां आम्हांस तें पुरतें खरें वाटत नाहीं. इ. स. १७८४ सालीं 'एम्प्रेस ऑफ चायना' हें गलबत न्यूयॉर्कहून जिनसेंगची मुळें घेऊन कँटनला गेलें व चहा भरून परतलें. हाच या व्यापाराचा श्रीगणेशा. १९५० सालीं कोरियाच्या युद्धापायीं अमेरिकेनें तो बंद केला व १९७१ सालीं पुन्हां खुला केला. २००१ सालीं चीन जागतिक व्यापार संघटनेंत शिरला आणि मालाचा पूर लोटला. स्नेह मात्र जडला नाहीं. २०१८ सालीं जकातींची चढाओढ जुंपली. २०२५ च्या एप्रिलांत अमेरिकेची जादा जकात शेंकडा १४५ व चीनची १२५ झाली. एवढ्या जकातीनें व्यापारच खुंटला असता. म्हणून मे महिन्यांत जिनीव्हा येथें दोघांनींहि तूर्त नमतें घेतलें. तरीहि लोहचुंबकांस लागणाऱ्या दुर्मिळ धातूंची निर्यात चीननें आवळल्यामुळें अमेरिकेंतील मोटारींचे कारखाने कासावीस झालेच. ज्या घरांत मीठमिरची एकाच दुकानांतून येते, त्या घरानें दुकानदाराशीं भांडण्यापूर्वीं दुसरें दुकान पाहून ठेवावें, एवढाच बोध आम्ही वाचकांपुढें ठेवतों.