सेकंडहँड गाडी : घाटाच्या आणि पुराच्या खुणा

कोकण रेल्वे १९९३ मध्ये महाड तालुक्यातल्या वीरपर्यंत आली आणि मुंबईचा प्रवास सोपा झाला. पण वीरहून महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांपर्यंत जायचे, तर आजही स्वतःचे वाहन सोयीचे पडते. रस्त्यात खड्डे, पावसात चिखल. म्हणून अनेकांचे मन जमिनीपासून थोड्या उंच असलेल्या छोट्या एसयूव्हीवर जाते. नवी परवडत नाही, तेव्हा सेकंडहँड गाडीचा शोध सुरू होतो. विकणारा सांगतो, ‘एकाच मालकाची गाडी आहे, फार चाललेली नाही.’ हे खरे की खोटे, कसे ओळखायचे?

गाडी स्वतःचा इतिहास लपवू शकत नाही. तो वाचण्यासाठी शाळेत शिकवतो तेवढे विज्ञान बऱ्याच अंशी पुरते.

आधी एक गैरसमज दूर करू. २००६ च्या अर्थसंकल्पात ४ मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादन शुल्क कमी झाले. पुढे याच मर्यादेत बसणाऱ्या छोट्या एसयूव्ही बाजारात आल्या. यांतील बहुतेक गाड्या दिसायला जीपसारख्या असल्या, तरी त्यांची बांधणी साध्या मोटारीची असते आणि इंजिनाची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना मिळते. उंच आहे म्हणून ती कुठेही, कशीही चालवलेली सोसते असे नाही.

थंड इंजिनापासून सुरुवात

गाडी सकाळी पाहायला जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. बॉनेट गरम लागले, तर इंजिन आधीच सुरू करून ठेवले होते. गरम इंजिन सहज सुरू होते, त्यामुळे बॅटरीचा अशक्तपणा आणि सुरुवातीचा धूर झाकला जातो.

आता इंजिन सुरू करून सायलेन्सरकडे पाहा. इंधनात कार्बन आणि हायड्रोजन असतात, म्हणून ज्वलनात पाण्याची वाफ तयार होणारच. थंडीच्या सकाळी थोडा पांढरा धूर दिसून विरला, तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्हची सीले किंवा टर्बो झिजला असेल. काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी.

इंजिन बंद करून ऑईलची पट्टी काढा. डिझेल इंजिनाचे ऑईल काजळीमुळे लवकर काळे पडते, तो दोष नव्हे. पण ऑईल दुधाच्या चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळले आहे. गरम रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आतला दाब वाढलेला असल्याने कूलंट जास्त तापमानालाही उकळत नाही. झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते.

पुराच्या खुणा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी चिपळूणही बुडाले. अशा पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जाण्याचा धोका असतो. म्हणून गाडी २०२१ पूर्वीची असेल, तर ती तेव्हा कुठे होती आणि विम्याचा मोठा दावा झाला होता का, हे विचारा.

मग स्वतः शोधा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहून गेलेली असते. पायाखालचे कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा आणि बोल्टवरचा गंज पाहा. वायरींच्या जोडांवर हिरवट थर असेल, तर तांब्यावर पाणी आणि हवा यांची क्रिया झालेली आहे. हा बिघाड सर्वांत फसवा, कारण तो कित्येक महिन्यांनी डोके वर काढतो.

इंजिनात पाणी शिरले असताना कोणी चावी फिरवली असेल, तर हानी आणखी मोठी. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

घाटाच्या खुणा

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना गाडी सुमारे १३०० मीटर खाली येते. माणसांसह गाडीचे वस्तुमान १५०० किलोग्रॅम धरू. स्थितिज ऊर्जा mgh म्हणजे १५०० × ९.८ × १३००, सुमारे १ कोटी ९१ लाख जूल. एवढ्या ऊर्जेत ३० अंशांचे सुमारे ६५ लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापेल! खालच्या गिअरमध्ये उतरल्यास यातला बराच भाग इंजिन सोसते. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याची जवळजवळ सगळी उष्णता ब्रेकच्या माथी येते.

ब्रेकचे तेल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट-४ प्रकारचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा मानदंड आहे. सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंश धरली जाते. तेल उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. गाडी थांबत नाही. म्हणून हे तेल शेवटचे कधी बदलले, हे जरूर विचारा. डिस्कवर खोल चरे, कडेला उंचवटा किंवा निळसर डाग दिसतात का पाहा. ब्रेक दाबताना पेडल थरथरले, तर डिस्क असमान झिजली असावी.

क्लचची परीक्षा चढावर होते. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढले पण वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. म्हणून गाडी फक्त सपाट महामार्गावर चालवून समाधान मानू नका. चढावर तापमानाचा काटाही पाहा.

हात, कान आणि चुंबक

गाडीचा एक कोपरा जोराने दाबून सोडा. तो वर येऊन लगेच स्थिरावला पाहिजे. दोन-तीन वेळा हेलकावला, तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर थकला आहे. अवमंदित दोलनाचे हे नेमके उदाहरण. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा. टक-टक आवाज आला, तर पुढच्या चाकांना ताकद देणारे सांधे झिजले आहेत. टायर एकाच कडेला झिजले असतील, तर चाकांची दिशा बिघडली आहे.

चुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. एखाद्या जागी तो चिकटेनासा झाला, तर रंगाखाली लांबीचा जाड थर असू शकतो, म्हणजे तिथे अपघाताची दुरुस्ती झालेली असेल. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र ही परीक्षा चालत नाही. मीटरवर कमी किलोमीटर आणि पेडलचे रबर गुळगुळीत, असे दिसले तर मीटरवर विश्वास ठेवू नका.

एका खुणेवरून निकाल देऊ नये. पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली दवामुळेही थोडा पांढरट थर साचतो. निरीक्षण लिहा, शक्य ती कारणे लिहा, दुसऱ्या परीक्षेने पडताळा, आणि शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून गाडी खालून तपासून घ्या. विकणारा याला तयार नसेल, तर ते निरीक्षणही वहीत नोंदवा.

नववी-दहावीच्या वर्गात हाच तक्ता फळ्यावर करता येईल. घरी गाडी घ्यायचे ठरेल, तेव्हा मुले स्वतःच चुंबक घेऊन निघतील.