भट्टी ट्रॉम्बेची, वाद उजव्यांचा

आंतरराष्ट्रीय राजकारण आणि सुरक्षा यांवरील उजवे भाष्य म्हणजे एकाच सुरातला राष्ट्रवाद, असा समज मराठी वाचकांत रूढ असला, तरी ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांभोवती रंगलेला वाद तपासल्यास या गोटात प्रारंभापासूनच दोन तट होते असे आढळते.

ट्रॉम्बे येथे जुलै १९६० मध्ये कार्यान्वित झालेली ‘सायरस’ ही ४० मेगावॉट क्षमतेची संशोधन अणुभट्टी कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली, आणि तिला लागणारे जड पाणी, म्हणजे न्यूट्रॉनांचा वेग मंदावणारे ड्युटेरियमयुक्त पाणी, अमेरिकेने पुरविले. वापर शांततेसाठीच व्हावा, हे उभयपक्षी ठरले होते. परंतु नैसर्गिक युरेनियमच्या कांड्या भट्टीत राहिल्या की त्यांत प्लुटोनियम तयार होते, आणि त्या आम्लात विरघळवून ते वेगळे काढणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प १९६४ मध्ये ट्रॉम्बेतच सुरू झाला. भारताच्या अण्वस्त्रक्षमतेचा उगम पोखरणच्या अणुस्फोटापेक्षा या प्रकल्पात शोधणे अधिक योग्य ठरेल.

त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला चीनने अणुचाचणी केली. २४ ऑक्टोबरला अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी आकाशवाणीवरून निःशस्त्रीकरणाचा पुरस्कार केला खरा, पण त्याच भाषणात पन्नास अणुबाँबांचा साठा दहा कोटी रुपयांहून कमी खर्चात होऊ शकेल, असा हिशेबही मांडला. भारतीय जनसंघाने बाँबची मागणी लावून धरली. उलट स्वतंत्र पक्षाचे चक्रवर्ती राजगोपालाचारी अण्वस्त्रांचे नैतिक विरोधक होते, आणि मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी यांच्यासह त्या पक्षाचा कल चीनविरुद्ध पाश्चात्त्य राष्ट्रांशी संरक्षण-सहकार्य करण्याकडे होता. एका तटाला स्वायत्तता प्यारी, तर दुसऱ्याला मैत्रीची हमी; आणि विमाने, क्षेपणास्त्रे व नियंत्रणयंत्रणा यांचा खर्च भाभांच्या हिशेबात धरलेला नव्हता, ही गोष्ट बाँबसमर्थकांच्या युक्तिवादातली कच्ची बाजूच म्हटली पाहिजे.

१८ मे १९७४ च्या पोखरण स्फोटात सायरसमधील प्लुटोनियम वापरले गेल्यावर कॅनडाने अणुसहकार्य थांबविले, आणि अणुसामग्रीच्या निर्यातीवर निर्बंध घालणारा अणुपुरवठादार देशांचा गट स्थापन झाला. मे १९९८ मध्ये जनसंघाचा वारसा सांगणाऱ्या भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने चाचण्या करून जनसंघाची जुनी मागणी पूर्ण केली, तेव्हा हा वाद मिटला असे वाटणे स्वाभाविक होते.

मात्र अमेरिकेशी अणुकरार करण्याच्या प्रश्नावर २००८ मध्ये तो नव्या रूपात उफाळला. नागरी आणि लष्करी अणुकेंद्रे वेगळी करण्याच्या योजनेनुसार सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. ट्रॉम्बेतीलच ‘ध्रुव’ भट्टी मात्र आंतरराष्ट्रीय तपासणीबाहेर राहिली. अमेरिकेच्या मैत्रीला एरवी अनुकूल असलेल्या भाजपने भावी चाचण्यांचा मार्ग बंद होईल या कारणास्तव २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावावर सरकारविरुद्ध मतदान केले. आणि सत्तेत आल्यावर, जानेवारी २०१५ मध्ये बराक ओबामा दिल्लीत आले असता, त्याच कराराच्या अंमलबजावणीतील अडथळे दूर करण्याच्या वाटाघाटी त्याच पक्षाच्या सरकारने केल्या.