मूल चालायला कसे शिकते : वॉकर आणि पांगुळगाडा

मूल सहा-सात महिन्यांचे झाले, की ते केव्हा चालू लागेल याची घरातील सर्वांना उत्कंठा लागते. या उत्कंठेतूनच वॉकर ही वस्तू घरात येते. प्लास्टिकचे एक कडे, त्याच्या मध्यभागी कापडाची झोळीवजा बैठक आणि खाली चहूकडे वळणारी चाके, असे तिचे स्वरूप असते. तीत बसवलेले मूल पायाच्या बोटांनी जमीन रेटते आणि खोलीभर फिरू लागते. आईला कामासाठी थोडी उसंत मिळते, मूलही आनंदी दिसते आणि ते चालायला शिकत आहे, असा सर्वांचा समज होतो. हा समज कितपत खरा आहे हे ठरविण्यापूर्वी चालणे ही क्रिया नीट समजून घेतली पाहिजे.

तोल सांभाळण्याची कला

चालणे म्हणजे केवळ पाय हलविणे नव्हे. एक पाय उचलला, की शरीराचा सर्व भार क्षणभर दुसऱ्या पायावर येतो. त्या क्षणी तोल सांभाळता आला, तरच पाऊल पुढे पडते. त्यासाठी मान, पाठ, कंबर आणि मांड्या यांचे स्नायू बळकट व्हावे लागतात. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय यांच्याकडून येणाऱ्या संदेशांची सांगड मेंदूला घालावी लागते. पालथे पडणे, बसणे, रांगणे, आधाराने उभे राहणे ही सारी याच तयारीची अंगे होत.

या तयारीला लागणारा काळ प्रत्येक मुलाचा वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांची पाहणी करून २००६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनुसार मूल आधाराशिवाय चालू लागण्याचा स्वाभाविक काळ सुमारे ८ ते साडेसतरा महिने इतका विस्तृत आहे. म्हणून शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले अद्याप चालत नाही, एवढ्यावरून चिंता करण्याचे कारण नाही.

पडणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचे मुक्तपणे खेळत असताना निरीक्षण केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार ही मुले तासाभरात सरासरी २,३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत. प्रत्येक पडण्यातून तोल कोठे सुटतो हे शरीराला उमगत जाते.

वॉकरमध्ये काय घडते?

वॉकरमध्ये मुलाचा बराचसा भार बैठक पेलते, आणि कडे त्याला पडू देत नाही. त्यामुळे तोल सांभाळण्याची गरजच उरत नाही. मूल पूर्ण पाऊल टेकण्याऐवजी चवड्यांवर जोर देते. समोरच्या फळीमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. आयर्लंडमधील १९० मुलांविषयीचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वॉकरमध्ये घालविलेल्या एकूण वेळेपैकी दर २४ तासांमागे मुलाचे स्वतंत्र चालणे सुमारे तीन दिवसांनी लांबलेले त्यात आढळले. म्हणजे ज्या हेतूने ही वस्तू आणली जाते, तो हेतूही साधत नाही.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. वॉकरमधील मूल एका सेकंदात तीन फुटांहून अधिक अंतर कापू शकते. पायरी, उंबरठा, तापलेला स्टोव्ह किंवा पाण्याची बादली यांचे भय त्या वयात कळत नाही. जवळ बसलेली आई उठेपर्यंत मूल जिन्याच्या तोंडाशी पोचलेले असते. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात १५ महिन्यांखालील सुमारे २ लाख ३० हजार मुलांवर वॉकरमुळे झालेल्या दुखापतींसाठी रुग्णालयांत तातडीचे उपचार करावे लागले. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुले वॉकरसह जिन्यावरून पडली होती. बहुतेकांच्या दुखापती डोक्याला किंवा मानेला झालेल्या होत्या. कॅनडाने २००४ साली वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. भारतात मात्र ही वस्तू दुकानांतून सर्रास मिळते.

मग काय करावे?

आपल्याकडील लाकडी पांगुळगाडा किंवा तमिळनाडूतील ‘नडैवंडी’ हे खेळणे वॉकरसारखेच वाटते; परंतु दोहोंत मूलभूत फरक आहे. पांगुळगाड्यात मूल बसत नाही. ते त्याच्या मागे स्वतःच्या पायांवर उभे राहते आणि दांडा धरून गाडा ढकलते. भार त्याच्याच पायांवर असतो, तोलही त्यालाच सांभाळावा लागतो. अर्थात गाडा हलका नसावा, तो सहज घसरू नये. मूल आधाराने नीट उभे राहू लागल्यावरच, सपाट जागी आणि मोठ्या माणसाच्या देखत तो द्यावा.

मात्र पांगुळगाडा नसला तरी काही अडत नाही. स्वच्छ चटई अंथरून, मूल जागे असताना त्याला पोटावर खेळू द्यावे. रांगण्यास मोकळी जागा द्यावी. पलंगाची कड किंवा भिंत धरून ते सरकू लागले, की थोड्या अंतरावर बसून त्याला बोलवावे. घरात पाय अनवाणी असावेत. आई स्वयंपाकात गुंतलेली असताना दारात आडवी फळी लावून, धोक्याच्या वस्तू हलवून, मुलासाठी नजरेच्या टप्प्यातील एक सुरक्षित कोपरा राखता येतो. वॉकर देत असलेली उसंत अशा कोपऱ्यातूनही मिळते आणि तीत जिवाला धोका नसतो.

मूल नऊ महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसले नाही किंवा दीड वर्षाचे होऊनही चालले नाही, तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. अशा वेळी विलंबाचे कारण शोधणे अगत्याचे असते. वॉकर आणून ते कारण दूर होत नाही.