एका शीटमधली पेटी

तीन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसेल एवढी, जादूगाराच्या सुटकेच्या प्रयोगाची पेटी. तिच्या सहा बाजूंचं क्षेत्रफळ 32 चौरस फूट भरतं, आणि बाजारातली प्लायवुडची शीटही 8 बाय 4, म्हणजे 32 चौरस फुटांचीच. तीन-बाय-दोनच्या चार फळ्या, दोन-बाय-दोनच्या दोन. वाया जाईल तो करवतीचा भुसा. 12 मिलिमीटरची शीट साधारण 20 ते 23 किलोंची असते. फळ्या सुट्या करून एकावर एक रचल्या तर थर होतो जेमतेम तीन इंचांचा.

सुरतेत पर्वत पाटिया, गोडादरा, लिंबायत या पट्ट्यात हे गणित फार कामाचं आहे. ताप्ती लाइनच्या गाड्यांनी जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली मराठी कुटुंबं इथे मोठ्या संख्येनं राहतात आणि गणेशोत्सवात गल्लीगल्लीत मंच उभे राहतात. अशा मंचावर प्रयोग करणाऱ्या हौशी जादूगाराला सामान अरुंद जिन्यावरून उतरवून रिक्षा-टेम्पोत घालावं लागतं. उभी पेटी जिन्याच्या वळणावरच अडते.

फिरतीच्या जादूगारांना हा प्रश्न नेहमीच पडला. पुण्याचे जादूगार रघुवीर, म्हणजे रघुवीर भोपळे, गावोगाव आणि परदेशातही हिंडले. त्यांच्या पुस्तकाचं नावच ‘प्रवासी जादूगार’ आहे. सौराष्ट्रातल्या बगसऱ्याचे के. लाल वेगासाठी नावाजले. असा वेग केवळ हाताचा नसतो, सामान किती झटपट मांडता-मोडता येतं त्याचाही असतो.

अमेरिकी जादूगार हॅरी हुदिनीचं सुरुवातीचं नाव झालं ते पेटीतल्या अदलाबदलीमुळे. बांधलेला माणूस पेटीत, दुसरा बाहेर; पडदा सरकतो आणि दोघांची जागा बदललेली असते. 1894 पासून त्याची पत्नी बेस त्यात होती. सुटका कशी होते ते इथे सांगणार नाही, कारण त्यावर आजही अनेकांची पोटं भरतात. पण बांधणीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते: पेटीची घडी ज्या सांध्यांवर होते, त्यांच्यावर सुटकेचा भार कधीच टाकू नये. घडीचा सांधा प्रत्येक प्रयोगाला निघतो आणि बसतो. बिजागरीची भोकं मोठी होतात, स्क्रू सैल पडतात. सुटकेची जागा मात्र पहिल्या दिवशी जशी चालली तशीच शेवटपर्यंत चालायला हवी. दोन्ही कामं एकाच खटक्यावर सोपवली की पेटी स्वस्त होते आणि माणूस धोक्यात येतो.

म्हणून घडीच्या सांध्यांना सुट्या पिनेची बिजागरी बरी. पीन ओढली की फळी वेगळी, आणि झिजलेली पीन बदलता येते. स्क्रू थेट प्लायच्या कडेत मारू नयेत, थर उकलतात. आतून सागाची पट्टी देऊन तिच्यात मारावेत. प्लाय आयएस 710 प्रतीचा, म्हणजे मरीन घ्यावा. सुरतेच्या पावसाळी हवेत साध्या प्लायच्या उघड्या कडा फुगतात, आणि दोन मिलिमीटर फुगलेली कड खटका अडवायला पुरते. त्यातून मिठी खाडी फुगली की लिंबायत, पर्वत पाटियाच्या सखल भागात पाणी शिरतं. तळमजल्यावर राहणाऱ्यानं फळ्या माळ्यावर ठेवाव्यात.

हवेचा हिशेब तर कुणी करतच नाही. 12 घनफूट म्हणजे सुमारे 340 लिटर. त्यातले 65 लिटर माणसानंच व्यापले. उरले 275. शांत बसलेला माणूस मिनिटाला पाव लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, दोऱ्या सोडवताना धडपडणारा त्याच्या चार-पाच पट. अशी धडपड चालू असेल तर बंद पेटीत तो वायू तीन टक्क्यांवर जायला दहा मिनिटंही लागत नाहीत, आणि तेवढ्यात धाप लागून डोकं जड होतं. म्हणून भोकं हवीतच, तीही समोरासमोरच्या दोन बाजूंना, पडद्यानं वा पोत्यानं झाकली जाणार नाहीत अशी.

सुट्या होणाऱ्या सामानाचा भरवसा किती, हा प्रश्न हुदिनीलाही चुकला नाही. त्यानं 21 सप्टेंबर 1912 ला बर्लिनच्या सर्कस बुशमध्ये पाण्यानं भरलेला पिंजरा दाखवला; पाय चौकटीत अडकवून तो त्यात उलटा सोडला जाई. महोगनी, धातू आणि जाड काचेचा तो पिंजरा सुटा करून खोक्यांतून गावोगाव जाई. त्याच्या यंत्रांमागे जिम कॉलिन्स या सहाय्यकाचे हात होते, पण पोस्टरवर नाव हुदिनीचंच. 11 ऑक्टोबर 1926 ला ऑल्बनीत उलटं वर ओढलं जाताना पायाच्या चौकटीला हिसका बसला आणि हुदिनीचा घोटा मोडला. त्या रात्री दगा दिला तो चौकटीनं, कुलपांनी नाही. हाच माणूस 1921 मध्ये पाणबुड्याच्या पोशाखाचं अमेरिकी पेटंट मिळवतो, आणि त्या पोशाखाचा सारा भर असतो संकटात पाण्याखालीच तो झटकन उतरवता येण्यावर.

पाण्याखाली अशी झटपट सुटका प्रत्येकाला साधत नाही. 16 जून 2019 ला कोलकात्यात चंचल लाहिरी हा जादूगार साखळदंडांत बांधून घेऊन हुगळीत उतरला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह सापडला.

नदीच्या प्रवाहात बाहेरच्या माणसाचा हात पोहोचत नाही. पेटीपर्यंत तो पोहोचतो, आणि पेटीचं खरं बळ तेच. हुदिनीच्या पिंजऱ्याशेजारी सहाय्यक कुऱ्हाड घेऊन उभा असे. गल्लीतल्या मंचावर कुऱ्हाड नको. झाकणाच्या दोन्ही पिना बाहेरून एका हिसक्यात निघतील अशा, तोंडाशी कडी असलेल्या कराव्यात. विंगेत घड्याळ घेऊन एक माणूस उभा करावा, ठरलेला वेळ संपला की आतून ठोका ऐकू येवो वा न येवो त्यानं पिना ओढाव्यात, आणि रंगीत तालमीत त्याच्याकडून हे निदान दहा वेळा तरी करून घ्यावं.