झाडीपट्टीची रंगभूमी आणि रसिकांचे कर्तव्य

करमणुकीचा विषय क्षुल्लक मानण्याची आपल्या सुशिक्षित कुटुंबांत एक जुनी रीत आहे. वस्तुतः रोज सायंकाळी घरातील लहानथोर मंडळी ज्या गोष्टीवर हसतात वा डोळे पुसतात, तिचा ठसा त्यांच्या स्वभावावर पडल्यावाचून राहत नाही. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडील एका रंगभूमीविषयी व घरोघरच्या दूरचित्रवाणीविषयी आमचे दोन शब्द वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. आरंभी सारे कुटुंब, किंबहुना सारा शेजार, एका पडद्यापुढे बसे. आता वाहिन्या शेकडो झाल्या आणि पडदाही ज्याच्या त्याच्या तळहातावर आला. एकाच छपराखाली आजी एक मालिका पाहते, सून दुसरी, नातू तिसरेच काही. मालिकांत दिसणारे एकत्र कुटुंब तर जावाजावांच्या कपटाचे आणि सासवांच्या कारस्थानांचे माहेरघरच झाले आहे! शास्त्रकारांनी नाट्याचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पाच संधी सांगितले. आमच्या मालिका गर्भसंधीतच वर्षानुवर्षे अडकून पडतात. प्रेक्षकसंख्येचे आकडे चांगले असेतोवर निर्वहणाचे नावच नाही.

याच्या उलट चित्र आमच्या पूर्व विदर्भात दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या व वनांच्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. येथील दंडार, खडी गंमत इत्यादी लोककलांच्या मुशीतून व पुढे संगीत नाटकाच्या संस्कारातून एक स्वतंत्र रंगभूमी घडली. दिवाळी सरली, धान घरात आले, की मंडईचे व शंकरपटाचे दिवस येतात, आणि त्यांच्याबरोबर नाटकाचे. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवहाराचे केंद्र होय. तेथील नाटक मंडळ्यांच्या कचेऱ्यांस ‘प्रेस’ म्हणण्याचा प्रघात आहे. गावोगावची मंडळे तेथे जाऊन नाटक ठरवितात, मांडव घालतात, तिकिटे लावतात; उरलेला पैसा पुष्कळदा गावकार्यास लागतो.

रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. समोर बसलेला सूचक संवाद पुरवितो, वाद्ये प्रत्यक्ष वाजतात, आणि शेकडो माणसे थंडीत घोंगड्या-चादरी पांघरून बसलेली असतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली या भागांत वाघाचा वावर. तेव्हा मध्यरात्री रानवाटेने परतण्यापेक्षा उजाडेपर्यंत बसणेच शहाणपणाचे. सासरी गेलेल्या लेकी त्या निमित्ताने माहेरी येतात, पाहुण्यांची वर्दळ होते, सोयरिकीही जुळतात. आजी, सून व नातू एकाच सतरंजीवर बसून एकच कथा पाहतात, ही गोष्ट आजच्या काळात थोडी नव्हे. आणि ती कथा त्याच रात्री संपते!

या रंगभूमीला २०२३ साली मोठा मान मिळाला. गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ नट डॉ. परशुराम खुणे यांस पद्मश्री जाहीर झाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग व सुमारे आठशे भूमिका एवढा त्यांचा संभार आहे. त्यापूर्वी २०२२ साली ‘झॉलीवूड’ या चित्रपटाने ही दुनिया पडद्यावर आणली होती. आमच्यासारख्या जुन्या रसिकांस याचा आनंद का न व्हावा? परंतु राजमान्यता मिळाली म्हणजे रंगभूमी तरली असे मानणे भाबडेपणाचे होईल. ती तरते प्रेक्षकांच्या बळावर.

येथे भरतमुनींचे स्मरण होते. नाट्यशास्त्राच्या सिद्धिविषयक अध्यायात त्यांनी प्रयोगाच्या यशाच्या खुणा मोजून दिल्या आहेत. प्रेक्षकांचे स्मित, मोठे हास्य, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावरील रोमांच, उत्साहाने उठून उभे राहणे ही मानुषी सिद्धी. प्रेक्षागृह भरलेले असून आवाज नाही, क्षोभ नाही, ही दैवी सिद्धी. दूरचित्रवाणीचे यश निवडक घरांत बसविलेल्या यंत्रांवरून ठरते. त्या यंत्रास पडदा चालू होता एवढे कळते. समोरची गृहिणी रडत होती की भाजी निवडीत होती, हे कळत नाही. झाडीपट्टीचा नट मात्र दोन्ही सिद्धी दर रात्री प्रत्यक्ष पारखून घेतो. मांडव चुळबुळू लागला की त्याला आपला निकाल तत्काळ समजतो.

म्हणूनच आमची तक्रारही प्रथम प्रेक्षकांपाशी आहे. अलीकडे कथेशी काडीमात्र संबंध नसता नाचाचे तुकडे मध्येच घुसडण्याची खोड वाढली आहे. कित्येक विनोद असे असतात की, शेजारी बसलेल्या लेकीसुनांकडे पाहण्याची सोय राहत नाही. ‘लोकांना हेच हवे असते’ असे उत्तर मंडळ्यांकडून येते. पण शिट्टी वाजविणारे पंचवीस असतात, मान खाली घालणारे पाचशे असतात. त्या पाचशेंचा आवाज मंडळ्यांपर्यंत पोचत नाही. स्त्रिया एकदा मांडवात येईनाशा झाल्या की ही रंगभूमी जत्रेतला तमाशा होऊन बसेल.

दुसरा मुद्दा भाषेचा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीसाठी आयुष्य वेचले. तरी मालिकांत काय, नाटकांत काय, नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि बोली येते ती बहुधा गड्याच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. संस्कृत नाटकांतही राजा संस्कृत बोले व इतर पात्रे प्राकृत, असे कोणी म्हणेल. परंतु शकुंतलेचे हृदय प्राकृतातच उमलले, हे विसरून चालणार नाही. आईच्या दुःखाला बोली चालते, मग नायिकेच्या दुःखाला का चालू नये?

या रंगभूमीचा जीव चिवट आहे यात संशय नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने शंकरपट बंद झाले, तरी नाटके चालू राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये पटांना पुन्हा मोकळीक मिळाली. मधल्या करोनाच्या साथीतूनही ती सावरली. बाहेरची संकटे तिने सोसली. आतील कीड मात्र रसिकांनीच वेचून काढावयाची आहे.

तेव्हा आमच्या वाचकांस एवढीच विनंती की, ‘ती खेड्यातील नाटके’ म्हणून नाक मुरडू नये. येत्या हंगामात सहकुटुंब एखाद्या गावी जावे, रीतसर तिकीट काढून बसावे. चांगल्या प्रवेशास मोकळेपणी दाद द्यावी. अभद्र वाटेल ते दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कार्यकर्त्यांस सौम्य पण स्पष्ट शब्दांत सांगावे. पुढील वर्षी वडशास जाऊन नाटक निवडणार ते तेच असतात. दूरच्या वाहिनीपुढे आपला शब्द पोचणे कठीण. येथे मात्र तो एका रात्रीत पोचतो.